भाकरी, मोसंबी आणि इन्सुलिनची सुई

जालना, अंबड, परतूर, कुठेही जा, 'शुगर' निघालेल्या माणसाला पहिला सल्ला ठरलेला असतो: पोळी सोडा, भाकरी धरा. सल्ला वाईट नाही, पण अर्धवट आहे. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 68 ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हाच्या पिठात 64च्या आसपास. या हिशोबात मालदांडी काय नि परभणी मोती काय, ज्वारी गव्हापेक्षा हलकी ठरत नाही. शिवाय हातावर थापलेली भाकरी सहज 70-75 ग्रॅम पिठाची असते आणि फुलका 25चा. म्हणजे दोन भाकरी खाणाऱ्याने सहा फुलके खाल्ले. भाकरीने पोट लवकर भरतं हे खरं, पण ते भरल्यावर हात थांबला तरच उपयोग. फरक पडतो तो सोबतच्या वाढपाने. बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन 711 तूर ज्या शिवारात पिकते, त्याच गावातल्या ताटात वरण पाण्यासारखं आणि भाकऱ्या तीन, हे गणित उलटं करायला हवं: एक भाकरी, घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, भरपूर पालेभाजी, काकडी.

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिचा अभिमान असावाच. शुगर आटोक्यात असलेल्याने एखादी मोसंबी सोलून, चोथ्यासकट खायला हरकत नसते. पण रसाच्या एका पेल्यात तीन-चार मोसंब्या जातात, चोथा गाळून फेकला जातो आणि वर चमचाभर साखर पडते. 'फळाचाच तर रस आहे' हे समाधान रक्ताला कळत नाही. गुळाचंही तेच. सेंद्रिय असो वा नसो, त्यात बहुतांश साखरच असते.

'मला शुगर कशी होईल, मी तर काटकुळा आहे,' असं म्हणणारे तर गावोगाव भेटतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. आपल्याकडची चरबी अशी दडून बसते, पोटात आणि यकृतात. पँटचा कमरेचा नंबर वजनकाट्यापेक्षा खरं बोलतो.

आता सुईकडे येऊ. 'इन्सुलिन एकदा लागलं की सुटत नाही' आणि 'पथ्य पाळलं की कोणाचंही सुटतं' ही दोन्ही वाक्यं एकाच पारावर ऐकू येतात, आणि दोन्ही चुकीची आहेत. टाइप 1 मधुमेहात शरीर इन्सुलिन बनवायचं जवळजवळ थांबवतं. जानेवारी 1922मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या 14 वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन मिळालं. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून काही महिने जगवत, एवढाच उपाय होता. म्हणजे केवळ आहारावर हा आजार सांभाळण्याचा प्रयोग जगाने करून पाहिलेला आहे. टाइप 1च्या मुलाची सुई कोणी 'पथ्याने सोडवतो' म्हणालं, तर तिथून उठून यावं.

टाइप 2ची गोष्ट वेगळी. शुगर 400 निघाली, मोठं ऑपरेशन झालं किंवा जंतुसंसर्ग झाला, तर इन्सुलिन तात्पुरतं दिलं जातं आणि पुढे डॉक्टरच ते थांबवू शकतात. वजन उतरलं, यकृतातली चरबी घटली की अनेकांचा डोसही खाली येतो. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात रोज साधारण 850 कॅलरींचा आहार काही महिने दिला गेला. वर्षअखेर 46 टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना काबूत होता, 15 किलो किंवा जास्त वजन घटवलेल्यांत तर 86 टक्क्यांचा. पण दोन वर्षांनी 46चे 36 झाले. आणि मधुमेहावरच्या भाषणांत एक गोष्ट हटकून गाळली जाते: या अभ्यासात आजार सहा वर्षांहून जुना असलेला किंवा इन्सुलिनवर असलेला एकही रुग्ण घेतला नव्हता. वीस वर्षांच्या मधुमेहीला तेच आकडे दाखवणं ही फसवणूकच.

मराठवाड्यात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळाच जेवायच्या पद्धतीने घराघरात चर्चा आणली. मधल्या वेळचं चरणं बंद झालं, हे चांगलंच. अडचण वेगळीच आहे. आहार काम करतो, म्हणूनच तो डॉक्टरांना न सांगता करणं धोक्याचं. सकाळी नेहमीचं इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि नाश्ता सोडला, तर दुपारी कापूस वेचताना माणूस घामाघूम होऊन कोसळू शकतो. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असताना कर्बोदकं एकदम तोडली, तर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. म्हणून आहार बदलायच्या आधीच औषधांचा कागद दाखवायचा. पुढे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर वहीत लिहायची आणि आकडे उतरू लागले की डॉक्टर डोस कमी करतात. एका वेळी बहुधा 10 ते 20 टक्के, मग काही दिवस वाट.

डोस कमी करताना इन्सुलिनची कुपीच खराब असेल तर सगळा हिशोब फसतो. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे, 30 अंशांखाली ठेवावी लागते. शेतवस्तीवर फ्रीज नसेल, तर पाण्याच्या माठाशेजारी ओल्या वाळूत पिशवीत गुंडाळून ठेवा. जालन्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेलं इन्सुलिन निकामी होतं, शुगर चढते, डोस वाढवला जातो, आणि नवी कुपी उघडली की तोच वाढीव डोस अंगावर येतो. सिरिंजचंही पाहा. लाल टोपीची 40 युनिटच्या कुपीसाठी, नारिंगी टोपीची 100साठी. अदलाबदल झाली तर अडीचपट डोस जाऊ शकतो.

आणि हो, इन्सुलिन घेणाऱ्याच्या खिशात साखर असलीच पाहिजे. हातपाय थरथरले, घाम फुटला, शुगर 70च्या खाली आली, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच. पेढा नको, त्यातल्या खव्यामुळे साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, तरी कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतायचं नाही. त्याला कुशीवर वळवायचं आणि 108ला फोन लावायचा.