उपभोग, निरुद्योग आणि प्रतिष्ठा

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाची कथा आपल्या याच नगरीत घडते. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणले, त्यामुळे चारुदत्त आणि वसंतसेना ही नावे मराठी घरांना परकी राहिली नाहीत. नाटकाला ज्या प्रसंगावरून नाव मिळाले तो प्रसंग मात्र प्रेमाचा नाही. चारुदत्ताचा लहानगा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळतो. ती गाडी परत नेली जाते. दासी त्याला मातीची गाडी करून देते, आणि तो ती नको म्हणून रडू लागतो. मातीची गाडी खेळण्यास वाईट नव्हती; शेजारची गाडी पाहिली नसती तर ती त्याला पुरलीही असती. ‘उपभोग आणि प्रतिष्ठा’ या विषयाचा गाभा मला या रडण्यात दिसतो.

या विषयाची पहिली शास्त्रीय मांडणी करण्याचे श्रेय थोरस्टाइन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाकडे जाते. नॉर्वेहून आलेल्या एका शेतकरी कुटुंबात तो १८५७ साली जन्मला आणि १८९९ साली त्याने निरुद्योगी वर्गाची मीमांसा करणारा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : संपत्ती नुसती असून मान मिळत नाही, ती लोकांच्या दृष्टीस पडावी लागते. ती दाखविण्याचे मार्ग दोन. एक, आपल्याला पोटासाठी राबावे लागत नाही हे दाखविणे. दुसरा, गरजेपलीकडे खर्च करता येतो हे दाखविणे. पहिल्यास आपण दिखाऊ निरुद्योग म्हणू, दुसऱ्यास दिखाऊ उपभोग. धन्याने स्वतःच बसून राहावे असेही नाही. दाराशी उभा असलेला गणवेशधारी नोकर किंवा काम करणे अशक्य व्हावे इतके भारी वस्त्र नेसलेली पत्नी, ही त्याच्या वतीने निरुद्योग करीत असतात.

हे वाचताना आपल्याकडील वाचकाला वात्स्यायनाचा ‘नागरक’ आठवल्याशिवाय राहात नाही. स्नान, उटणी, तांबूल, पोपटांना बोलावयास शिकविणे, कोंबड्यांच्या झुंजी, दुपारची झोप, सायंकाळची गोष्ठी, असा त्याचा दिनक्रम ‘कामसूत्रा’त सविस्तर दिला आहे. त्यात चरितार्थाच्या कामाला कोठे जागा नाही, आणि तेच त्याच्या मोठेपणाचे चिन्ह. अलीकडच्या काळातील उदाहरण हवे असेल तर शिंद्यांच्या संस्थानाकडे पाहावे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला नेली. तेथील १८७४ च्या जयविलास महालात भोजनाच्या मेजावरून पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन फिरणारी चांदीची छोटी आगगाडी होती. वाढपी हे काम अधिक सोयीने करू शकला असता. पण सोय हा त्या गाडीचा हेतूच नव्हता. क्षिप्रेच्या पाण्याने गारवा देणाऱ्या आपल्या कालियादेह महालाचा जीर्णोद्धार माधवराव शिंद्यांनी १९२० साली केला, तोही फुरसतीच्या वास्तूचाच.

याच सुमारास उज्जैन कापडगिरण्यांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले होते. विनोद मिल, हीरा मिल ही नावे येथे कोणाला सांगावयास नकोत. गिरणीच्या भोंग्याने दिवसाचे दोन तुकडे केले, एक मालकाचा आणि उरलेला आपला. फुरसत ही जन्माने मिळालेली स्थिती न राहता पगाराच्या बदल्यात मिळणारी वस्तू झाली. माझ्या मते भांडवलशाहीने आणलेला खरा बदल येथे आहे. जहागीरदाराला आपला दर्जा सिद्ध करावा लागत नसे. तो जन्मजात होता आणि गावाला ठाऊक होता. १९५१ साली मध्य भारतात जहागिरी कायद्याने गेल्या. शहरात कोणी कोणाचा आजा ओळखत नाही. अनोळखी माणसापुढे आपली ओळख सांगण्याचे काम मग कपडे, घड्याळ, वाहन आणि घराचा पत्ता करू लागतात. शिडी सर्वांना खुली झाली हे चांगलेच झाले, परंतु आपण कितव्या पायरीवर आहोत हे रोज दाखविणेही सर्वांना भाग पडले.

आणि निरुद्योगाचा अर्थही परिस्थितीने ठरतो. या गिरण्या पुढे बंद पडल्या तेव्हा कामगारांच्या वाट्याला भरपूर रिकामा वेळ आला. त्याला कोणी प्रतिष्ठा म्हटले नाही, बेकारी म्हटले. उलट आज मोठ्या हुद्द्याचा माणूस ‘मला मुळीच वेळ नाही’ हे अभिमानाने सांगतो. व्हेब्लेनच्या धनिकाने असे कधी सांगितले नसते. महाकालेश्वराच्या मंदिरात सामान्य रांगेच्या जोडीला शुल्क भरून शीघ्र दर्शन घेण्याची सोय आहे. ज्याचा वेळ मोलाचा त्याने तो विकत घ्यावा, हे आता देवाच्या दारीही कोणाला खटकत नाही.

येथवर ऐकून आपल्यातील काहींना वाटेल, की आम्ही मराठी मंडळी या शर्यतीबाहेर आहोत. आम्ही पैशाला नव्हे, संस्कृतीला मान देतो. याच समजुतीविषयी मला जरा थांबून बोलावयाचे आहे. ‘मृच्छकटिका’तील शर्विलक चारुदत्ताच्या घराला भोक पाडून आत शिरतो आणि पाहतो तो मृदंग, वीणा, बासऱ्या, पोथ्या! वाड्याच्या बाह्यरूपाला तो फसला. ‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण त्याला ठाऊक नसावी. द्रव्य गेले होते, पण द्रव्याच्या काळात जोपासलेली अभिरुची घरात उरली होती. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याने १९७९ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की अशी अभिरुची हेही एक प्रकारचे भांडवलच असते. ते वारशाने मिळते आणि माणसांत उच्चनीच भेद करते. नाट्यसंगीतातील जागा ओळखून मान डोलविणारा श्रोता शेजारच्या बँडबाजाकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर काही केवळ संगीताची नसते. वीणेचा आनंद खरा नसतो असे मी म्हणत नाही, बोर्द्यूशी तेथे माझे जमत नाही. परंतु साधेपणाचाही तोरा असतो, आणि तो आपल्या घरांत पुष्कळ आहे.

लग्नात तर दोन्ही तोरे एकत्र नांदतात. वराकडच्या मंडळींसाठी फराळ म्हणून जाणारे रुखवत आज मांडून दाखविण्याची गोष्ट झाले आहे. लोकरीच्या विणकामाशेजारी फ्रिज उभा असतो. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून अल्पखर्चाच्या विवाहाचा पुरस्कार केला. तरीही गरिबाला ‘ऋण काढून सण’ करतो म्हणून बोल लावणे मला सोपे वाटत नाही. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगानेही कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते, असे नमूद केले होते. शिवाय मुलीच्या लग्नात हात आखडणाऱ्या श्रीमंताला लोक साधा म्हणतात आणि कारकुनाला कंजूष किंवा कफल्लक. साधेपणाही ज्याला परवडतो त्यालाच शोभतो. रडणाऱ्या रोहसेनाची समजूत घालण्यासाठी वसंतसेनेने आपले दागिने मातीच्या गाडीत भरले, आणि तेच दागिने पुढे न्यायालयात चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरले. हेतू मायेचा होता. मायेपोटी काढलेले कर्जही असेच उलटते.

शाळेपुरते बोलावयाचे तर गणवेश ही या शर्यतीवर काढलेली जुनी आणि चांगली तोड आहे. तिने सदऱ्यातला भेद झाकला. तो बूट, दप्तर आणि डबा यांच्याकडे सरकला, आता मोबाइलकडे. पण जी गोष्ट आपण शिक्षकच मुलांकडून दाखवून घेतो ती वेगळी आहे. जून महिन्यात शाळा उघडली की ‘मी सुट्टी कोठे घालविली’ हा निबंध ठरलेला. तपासताना नेहमी दोन-चार वह्या अशा निघत, की त्यांतील काश्मीरचे वर्णन भूगोलाच्या पुस्तकातून उतरलेले असे. ते मूल सुट्टीभर बापाच्या दुकानात बसलेले असे, आणि दुकानाविषयी त्याला पुष्कळ ठाऊक असे. त्याच्याकडून दुकानाविषयीच लिहून घ्यावे, यासाठी शिक्षणखात्याच्या परवानगीची गरज नाही.