शक्यतेचे गणित (भाग ६) : सत्तावीस ज्योतिषी आणि एक नाणे

गेल्या आठवड्यात आपण एका नाण्यापाशी थांबलो होतो. छापा किंवा काटा, दोन्ही सारखेच शक्य, म्हणून प्रत्येकाची संभाव्यता १/२. दुसरे नाणे आले की मात्र भल्याभल्यांची गफलत होते. द'अलांबेर हा अठराव्या शतकातला मोठा फ्रेंच गणिती. दोन फेकींत निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता २/३ आहे, असे त्याने १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशात लिहिले. त्याचा हिशेब असा : पहिल्याच फेकीत छापा पडला तर काम झाले, नाही तर दुसऱ्या फेकीत छापा किंवा काटा. एकूण शक्यता तीन, त्यांतल्या दोन अनुकूल.

मोजणी बरोबर आहे. पण या तिन्ही शक्यतांचे वजन सारखे नाही. पहिल्या फेकीतला छापा निम्म्या वेळा पडेल, उरलेल्या दोन शक्यतांच्या वाट्याला प्रत्येकी पाव येईल. १/२ आणि १/४ मिळून ३/४, हे खरे उत्तर. दहावीच्या पुस्तकातल्यासारखा नमुना अवकाश मांडला तरी तेच दिसते : छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. चारांपैकी तिघांत छापा आहे. याहून सोपी वाट उलट बाजूने जाते. दोन्ही काटे पडण्याची संभाव्यता १/४. ती १ मधून वजा केली की झाले. ‘निदान एकदा’ असे शब्द प्रश्नात आले की उलट बाजूने मोजायचे. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तीन फेकींचे निकाल आठ. ते लिहून काढायचा कंटाळा आला तर मराठीच्या तासाला पाठ केलेले गण आठवा. छाप्याला गुरू म्हणा, काट्याला लघू. म-गणात तिन्ही गुरू, न-गणात तिन्ही लघू. य, र, त या गणांत दोन गुरू आणि एक लघू. भ, ज, स या गणांत एक गुरू आणि दोन लघू. तीन फेकींत नेमके दोन छापे पडण्याची संभाव्यता ३/८ का, ते इथे डोळ्यांना दिसते. १, ३, ३, १ ही ओळ म्हणजे पिंगलाच्या छंदशास्त्रावरील टीकेत हलायुधाने दहाव्या शतकात समजावलेल्या मेरुप्रस्ताराची ओळ. वृत्ते मोजणाऱ्यांनी नाणेफेकीचे गणित पास्कालच्या कितीतरी आधी करून ठेवले होते, याचे मला फार अप्रूप वाटते.

फेक वाढली की निकाल दुप्पट होतात. पाच फेकींचे ३२ निकाल. २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत भारत पाचही सामन्यांत नाणेफेक हरला आणि पाचही सामने जिंकला. आधी ठरवलेल्या एका संघाने पाचही नाणेफेकी हरण्याची संभाव्यता १/३२. म्हणजे दुर्मीळ, पण अद्भुत नव्हे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर एखाद्या तालमीच्या फुटबॉल संघाचा कर्णधार चारदा ओळीने नाणेफेक हरला, तर ‘आता पाचवी आपलीच हाय’ असे गॅलरीतून कोणीतरी म्हणणारच. पण त्या नाण्याला मागचे चार सामने ठाऊक नसतात. पाचव्या वेळीही शक्यता निम्मीच.

आता चाळीस फेकींकडे जाऊ, आणि त्यासाठी कोल्हापूरच्याच दोन माणसांकडे. वसंत शंकर हुजूरबाजार यांचा जन्म कोल्हापूरचा, १९१९ चा. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. त्यांचे भाचे जयंत नारळीकर १९३८ मध्ये कोल्हापुरातच जन्मले. २००८ मध्ये नारळीकरांनी पुण्यात फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. सोबत त्याच संख्याशास्त्र विभागाचे सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे होते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी मुलांचे जन्मतपशील गोळा केले, त्यांवरून २०० पत्रिका तयार झाल्या. १०० हुशार विद्यार्थ्यांच्या, १०० बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या. प्रत्येक ज्योतिष्याला ४० पत्रिका मिळाल्या. कोणती कोणत्या गटातली एवढेच सांगायचे होते. शेवटी २७ जणांनी उत्तरे पाठवली.

पत्रिका न उघडता नुसते नाणे उडवून उत्तर देणारा माणूस ४० पैकी किती बरोबर सांगेल? एकूण निकाल सुमारे १ लाख १० हजार कोटी; पण मेरुप्रस्ताराची चाळिसावी ओळ हा हिशेब निमूटपणे करून देते. नेमके २० बरोबर येण्याची संभाव्यता साधारण १/८. २८ किंवा अधिक येण्याची शेकडा एकाहूनही कमी. म्हणून उत्तीर्ण होण्याची रेघ आधीच २८ वर, म्हणजे ७० टक्क्यांवर आखली होती. ही रेघ आधी आखणे मला या प्रयोगातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. निकाल पाहून आखलेल्या रेघेला काडीची किंमत नसते.

सर्वोत्तम ज्योतिष्याची २४ उत्तरे बरोबर आली. साठ टक्के! हा आकडा एकटा सांगितला तर कोणीही प्रभावित होईल. आता ती युक्ती वापरा. नाणे उडवणाऱ्या एका माणसाला २४ किंवा अधिक मिळण्याची संभाव्यता सुमारे ०.१३४, न मिळण्याची ०.८६६. सत्तावीस जणांपैकी एकालाही न मिळण्याची, ०.८६६ चा २७ वा घात, म्हणजे जेमतेम २ टक्के. सत्तावीस जणांनी नुसती नाणी उडवली असती तरी त्यांच्यातला कोणीतरी २४ पर्यंत पोचणे ९८ टक्के पक्के होते. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका घेतल्या आणि १०२ बरोबर सांगितल्या. नाण्याकडून अपेक्षा १०० ची.

कोणाचे भाकीत खरे ठरल्याची गोष्ट कानावर आली, की किती जणांनी भाकिते केली होती हे विचारायलाच हवे. पत्रिका पाहून लग्ने ठरतात आणि मोडतात, हुशार मुलींच्या वाटा अडतात. म्हणून हा प्रश्न परीक्षेतल्या दोन गुणांपुरता नाही.

एक धागा मात्र मोकळा आहे. सत्तावीस जणांची सरासरी सुमारे ४६ टक्के आली, नाण्याच्याही खाली. १०८० उत्तरांमध्ये इतकी तूट नुसत्या योगायोगाने पडेल का? त्या उत्तरांना १०८० स्वतंत्र नाणेफेकी मानले तर पडणे कठीण. पण पत्रिका मुळात २००च, त्यामुळे एकच पत्रिका अनेकांकडे गेली असणार, आणि ती वाचणारे बऱ्याच अंशी एकाच शास्त्राचे नियम लावणारे. एकाचा अंदाज चुकला की त्याच नियमाने दुसऱ्याचाही चुकतो. अशा वेळी संभाव्यतांचा सरळ गुणाकार चालत नाही. कधी चालतो आणि कधी नाही, हा पुढच्या भागाचा विषय.