बिननावाचं कापड

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचं त्याला पाठबळ होतं. पुढे सोप्यात, परड्यात, पत्र्याच्या शेडमध्ये माग वाढत गेले. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचं कामही अशाच गावांकडे अधिक वळलं.

साध्या मागात धोटा डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे मारला जातो. त्याच्या पोटातल्या कांडीवरचं सूत संपलं की कामगार ती बदलतो आणि तुटलेला धागा जोडतो. हे सगळं तो एका वेळी चार, सहा, कधी आठ मागांवर करतो, तेही कान बधिर करणाऱ्या खडखडाटात. हा माग मिनिटाला साधारण दीडशे धागे घालतो. एअरजेट मागात धोटाच नसतो. दाबाखालच्या हवेचा झोत आडवा धागा फेकतो आणि मिनिटाला सहाशेच्या पुढे सहज जातो. पन्हा मोठा, दोष कमी. मात्र त्याला सूत चांगलं लागतं, साईझिंग म्हणजे ताण्याला खळ देणं नेमकं लागतं आणि कॉम्प्रेसरची वीज अखंड लागते.

१ जानेवारी २००५ रोजी जागतिक कापड व्यापारातले कोटे संपले. परदेशी ग्राहकाला आता कुठूनही माल उचलता येऊ लागला आणि त्याला एकसारख्या कापडाचे मोठे लॉट हवे होते. १९९९ पासूनच्या तंत्रज्ञान अद्ययावतीकरण योजनेतून कर्जावर सवलत मिळाली. ज्याच्याकडे तारण होतं, त्याने जपानी, बेल्जियन, चिनी यंत्रं आणली. ज्याच्याकडे नव्हतं, तो राहिला खर्चीवाला. माग त्याचा, सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. याच्या हाती पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या संख्येवर ठरलेली मजुरी. सुताचा भाव चढला की व्यापारी ताण्याच्या सुताचे बीम देणं थांबवतो. विजेचं बिल आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून फक्त यंत्र बदलायला सांगणारी धोरणं मला अपुरी वाटतात.

कारण जुन्या मागाचीही जगात किंमत आहे. साकिची तोयोदा यांनी १९२४ मध्ये स्वयंचलित माग पूर्ण केला. १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला दिले गेले आणि तोयोदांच्या मुलाने मोटारीच्या कामाला हात घातला. त्याच घराण्याच्या जुन्या धोट्याच्या मागांवर जपानच्या ओकायामा भागात आजही डेनिम विणलं जातं. धोटा परत फिरताना जी बंद किनार तयार होते, तिच्यासाठी ग्राहक जास्त पैसे मोजतो. इचलकरंजीत मात्र साधे माग किलोच्या भावाने भंगारात जातात. तिकडचं कापड मागाचं आणि गावाचं नाव सांगत विकलं जातं. इथलं बरंचसं कापड कोऱ्या ग्रे अवस्थेत राजस्थानातल्या पाली-बालोतऱ्याला जातं, रंगतं आणि दुसऱ्याच्या शिक्क्याने बाजारात उतरतं.

मग रंगाई इथेच वाढवावी, हे उत्तर सोपं वाटतं. पण इथली पंचगंगा नदी आधीच सांडपाण्याने बेजार आहे. काठावरची गावं तेच पाणी पितात. म्हणून सामाईक सांडपाणी प्रकल्पाची क्षमता आधी वाढली पाहिजे, तो रोज चालतो की नाही हे लोकांना दिसलं पाहिजे, आणि रंगाईचे नवे परवाने त्यानंतरच. सोबत खर्चीवाल्यांनी एकत्र सूत घ्यावं यासाठी सवलतीचं खेळतं भांडवल हवं. तंत्रज्ञान योजनेची सवलत मिळाली ती मुख्यतः यंत्राला.