सिसलॉग: नोंद घट्ट, वाट मोकळी

सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरसमोर कोणी बसलेलं नसतं. रात्री तीन वाजता ते अडखळलं, तर का अडखळलं हे कळायला हाताशी एकच गोष्ट उरते: त्याने चालता चालता लिहून ठेवलेला लॉग. पण नोंद लिहिण्याची सूचना ज्याने कोडमध्ये घातली, त्या प्रोग्रॅमरला पुढचं फारसं काही ठाऊक नसतं. नोंद कोण वाचणार, ती त्याच यंत्रावर राहणार की दुसरीकडे पाठवली जाणार, आठवडाभर ठेवायची की सहा महिने, हे सगळं नंतर ठरतं आणि ठरवणारी माणसंही वेगळी असतात. लवचिक लॉगिंग यंत्रणेची गरज नेमकी इथून उगवते. लिहिणाऱ्याने काय घडलं तेवढं सांगावं; त्या नोंदीचं काय करायचं हा निर्णय सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या हातात मोकळा राहावा. चाळीस वर्षांच्या अनुभवातून या विभागणीची एक अटही पुढे आली आहे. लवचिकता नोंदीच्या वाटेत असेल तर यंत्रणा टिकते. ती नोंदीच्या मजकुरात शिरली की यंत्रणाच घात करते.

या विभागणीचं जुनं आणि आजही चालू असलेलं उदाहरण म्हणजे सिसलॉग. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल हा टपाल पोचवणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याच्या नोंदींसाठी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सिसलॉग तयार केला. त्यांनी नोंदी करण्याचं काम प्रोग्रॅममधून उचलून पार्श्वभूमीत चालणाऱ्या एका स्वतंत्र प्रोग्रॅमकडे दिलं. बाकीच्यांनी त्याला नोंद द्यायची आणि सोबत फक्त दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची: ही नोंद कोणत्या विभागाची, आणि ती किती गंभीर? गांभीर्याच्या पातळ्या आठ. शून्य म्हणजे यंत्रणा वापरण्याजोगी उरलेली नाही, तीन म्हणजे चूक, चार म्हणजे इशारा, सहा म्हणजे निव्वळ माहिती, सात म्हणजे प्रोग्रॅम तपासताना लागणारा बारीक तपशील. विभागाच्या क्रमांकाला आठने गुणायचं आणि पातळी मिळवायची की एकच आकडा तयार होतो. टपालाचा विभाग दोन, माहितीची पातळी सहा, म्हणून नोंदीच्या आरंभी कोनी कंसात <२२> हा आकडा. उलट बाजूने, <३४> दिसला तर आठने भागायचं: भागाकार चार, म्हणजे लॉगिन-सुरक्षेचा विभाग, बाकी दोन, म्हणजे संकटाची पातळी. पुढचा मजकूर न उलगडताही नोंद कुठे पाठवायची हे ठरवता येतं.

ही पाठवणी ठरते एका साध्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये. तिच्या प्रत्येक ओळीत डावीकडे विभाग आणि पातळी, उजवीकडे ठिकाण. टपालाच्या नोंदी एका फाइलमध्ये. लॉगिनच्या नोंदी दुसऱ्या, मोजक्यांनाच वाचता येणाऱ्या फाइलमध्ये. ठिकाणाच्या जागी @ हे चिन्ह आणि पुढे यंत्राचं नाव लिहिलं तर नोंद नेटवर्कवरून त्या यंत्रावर. नुसती तारकेची (*) खूण लिहिली तर लॉगिन केलेल्या प्रत्येकाच्या पडद्यावर. सेंडमेलच्या कोडमधलं एक अक्षरही न बदलता हे सगळं बदलता येई. प्रोग्रॅम लिहिणारा आणि सर्व्हर चालवणारा एकमेकांना कधी न भेटता एकत्र काम करू शकले, ते याच मधल्या फाइलमुळे. सिसलॉग बर्कलेच्या युनिक्सबरोबर पसरला, राउटर आणि फायरवॉलनीही तो उचलला. सगळीकडे चाललेल्या या प्रथेचं लेखी वर्णन मात्र आरएफसी ३१६४ या दस्तऐवजात आलं, ते २००१ साली.

सिसलॉगच्या उणिवाही तितक्याच बोलक्या आहेत. विभागांची यादी ठरीव आहे, एकूण २४. तिच्यात छपाईला जागा आहे, यूयूसीपी या आता अस्तंगत झालेल्या फाइल-वाहतुकीलाही आहे, पण वेब सर्व्हरला नाही. उरलेल्या सगळ्यांसाठी लोकल शून्य ते लोकल सात असे आठ मोकळे विभाग. सांगितलं नाही तर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर लोकल सात घेतो आणि सिस्कोचे राउटरही लोकल सातच घेतात; एका संकलन केंद्रावर दोन्ही आले की सरमिसळ ठरलेली. जुन्या पद्धतीच्या वेळेच्या शिक्क्यात महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद असतात. वर्ष नाही, टाइम झोनही नाही. मूळ रीतीत नेटवर्कवर नोंदी यूडीपीने जातात, म्हणजे वाटेत हरवली तर कोणाला पत्ता लागत नाही. आणि विभाग-पातळीचा आकडा सोडला तर बाकीचा मजकूर मोकळा, ज्याला जसा सुचेल तसा. म्हणजे जिथे मोकळीक हवी तिथे, विभागांच्या नावांत, सिसलॉग आखडता होता. आणि जिथे शिस्त हवी तिथे, वेळेत आणि मजकुरात, तो सैल होता.

पहिली उणीव जावाच्या जगात लॉगफोरजे या लायब्ररीने भरून काढली. चेकी ग्युलजू यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पात ठरीव विभागांऐवजी टिंबांनी जोडलेली, उतरंडीची नावं आली: कंपनी, तिच्याखाली पेमेंट, त्याखाली परतावा. वरच्या नावाला दिलेली पातळी खालच्यांना आपोआप लागू होते, आणि हवी तिथे ती मोडताही येते. सगळ्या सर्व्हरला ‘इशारा’ पातळीवर ठेवून फक्त परताव्याच्या भागाचा बारीक तपशील चालू करायचा, तर फाइलमध्ये एक ओळ पुरते. ही फाइल ठरावीक सेकंदांनी पुन्हा वाचायला सांगितलं असेल तर सर्व्हर बंद-चालूही करावा लागत नाही. ही लवचिकता कामाची होती आणि निर्धोकही, कारण ती फाइल लिहिणारा माणूस सर्व्हरचा विश्वासातला माणूस होता.

याच लायब्ररीच्या दुसऱ्या पिढीत मात्र, लवचिकता मजकुरात शिरू नये ही सुरुवातीला सांगितलेली अट मोडली. कॉन्फिगरेशनमध्ये डॉलरच्या चिन्हापुढे महिरपी कंसात एखादं नाव लिहिलं की त्याच्या जागी त्याची किंमत भरली जाई, उदाहरणार्थ यंत्राचं नाव. या सोयीला २०१३ मध्ये जेएनडीआय हा आणखी एक स्रोत जोडला गेला, आणि त्यातून नेटवर्कवरच्या दुसऱ्या सर्व्हरकडूनही किंमत मागवता येऊ लागली. पण हा विस्तार फाइलपुरता थांबला नाही. नोंदीचा मजकूरही तसाच तपासून त्यातले कंस उलगडले जात. नोंदीच्या मजकुरात काय असतं? वापरकर्त्याने टाइप केलेलं नाव, ब्राउझरने स्वतःची दिलेली ओळख, चॅटमधला संदेश. म्हणजे परक्याने लिहिलेला मजकूर. डिसेंबर २०२१ मध्ये हे उघड झालं तेव्हा माइनक्राफ्ट या खेळाच्या चॅटमध्ये एक ओळ टाकून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. लॉगफोरशेल नावाने ओळखल्या गेलेल्या या भगदाडाला गांभीर्याच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा गुण मिळाले.

हा एका लायब्ररीतला अपघात होता, त्यावरून सिद्धान्त कशाला, असं कोणी म्हणेल. पण इथे कोणाचा हात चुकून वाकडा पडला नव्हता. सोय जशी आखली होती तशीच चालली. शिवाय हाच दोष साध्या रूपात कितीतरी जुना आहे. एक ओळ म्हणजे एक नोंद असं मानणाऱ्या कुठल्याही लॉगमध्ये, वापरकर्त्याने आपल्या नावात नव्या ओळीचं चिन्ह घुसवलं आणि ते कोणी गाळलं नाही, की पुढे त्याने रचलेली खोटी नोंद खऱ्यासारखी उमटते. दोन्हीकडे मूळ एकच: मजकुराला मजकूर न मानता सूचना मानणं. म्हणून लॉगफोरजेच्या पुढच्या आवृत्त्यांनी मजकुरातला उलगडा सुरक्षित करत बसण्याऐवजी तो काढूनच टाकला.

सिसलॉगची दुसरी उणीव होती सैल नोंदीची. नोंद घट्ट करायची म्हणजे प्रत्येक गोष्टीला नावाचा खण द्यायचा: वेळ, यंत्र, प्रोग्रॅम, पातळी, विनंतीचा क्रमांक, आणि मग मजकूर. २००९ च्या आरएफसी ५४२४ ने सिसलॉगला पूर्ण तारीख, टाइम झोन आणि नाव-किंमत अशा जोड्या दिल्या. आज अनेक सर्व्हर हेच काम जेसन या नाव-किंमत जोड्यांच्या मांडणीत करतात. आपल्या पेढ्यांवरच्या रोजकीर्द-खतावणीची रीत हीच होती: रोजकीर्दीत व्यवहार घडला त्या क्रमाने, ठरलेल्या रकान्यांत, खतावणी मागाहून, गरजेप्रमाणे. खण असले की राखणही सोपी होते. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला, कारण पासवर्ड झाकले जाण्याआधीच एका अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. पासवर्ड नावाचा खण असेल तर तो एका जागी, सगळ्या नोंदींसाठी एकदम गाळता येतो. मोकळ्या वाक्यात लपलेला पासवर्ड हुडकणं अंदाजाचा खेळ आहे.

याउलट टोकाचा आक्षेप असा की एवढ्या यंत्रणेची गरजच काय? २०११ च्या सुमारास हेरोकू या क्लाउड सेवेच्या लोकांनी मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर’ रीतीनुसार प्रोग्रॅमने लॉग सरळ स्टँडर्ड आउटपुटवर, एका प्रवाहात ओतावा. फाइल, साठवण, पाठवणी बाहेरचे बघतील. सल्ला चांगला आहे, पण तो वरच्या मांडणीच्या विरोधात जात नाही. वाट ठरवण्याचं काम प्रोग्रॅमबाहेर नेणं हेच तर सिसलॉगने केलं होतं. फक्त प्रवाह एकच झाला की नोंदीच्या घट्टपणाची गरज वाढते, कारण विभाग आणि पातळी आता नोंदीतच नसतील तर बाहेरच्याला गाळणी लावता येत नाही.

वेगाचा आक्षेप जास्त खरा आहे. प्रत्येक नोंद डिस्कवर उतरेपर्यंत सर्व्हर थांबला तर ग्राहकही ताटकळतो. म्हणून मध्ये रांग ठेवतात. पण रांग भरली तर? थांबायचं की नोंद टाकून द्यायची? याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. आरसिसलॉग या सिसलॉगच्या आधुनिक रूपात रांग ठरावीक मर्यादेपुढे गेली की अमुक पातळीखालच्या नोंदी टाकून द्याव्यात असं सांगता येतं, म्हणजे बारीक तपशील जातो आणि चुका राहतात. उलट लिनक्सच्या ऑडिट यंत्रणेला, डिस्क भरली तर यंत्रच बंद कर, असं बजावता येतं. नोंदीशिवाय व्यवहार होण्यापेक्षा व्यवहार न झालेला बरा असं मानणाऱ्या जागाही असतात. हा निर्णय लायब्ररी लिहिणाऱ्याने परस्पर घेऊ नये, हीच लवचिकतेची खरी कसोटी.

राहिला प्रश्न साठवणीचा. डिस्क स्वस्त आहे, सगळंच ठेवा, असं म्हणणं सोपं. पण किती काळ ठेवायचं हे नेहमी आपल्या हातात नसतं. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपण्याचं बंधन घातलं, आणि यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायला सांगितलं. ज्या सर्व्हरची मुदत कॉन्फिगरेशनमध्ये होती तिथे हा बदल एका आकड्याचा. जिथे जुन्या फाइली पुसण्याचा हिशेब कोडमध्येच कोरलेला होता, तिथे कोड बदला, तपासा, पुन्हा चढवा. नियम पुढेही बदलतील. म्हणून लॉगिंगमध्ये नवी सोय घालण्याआधी, हा भाग कोण लिहितो हे विचारावं. सर्व्हर सांभाळणारा लिहीत असेल, म्हणजे पातळी, ठिकाण, मुदत, रांगेचं धोरण, तर हवी तेवढी मोकळीक द्यावी. बाहेरून आलेला मजकूर असेल, तर तो ठरलेल्या खणात जसाच्या तसा ठेवावा आणि त्याला काहीही करण्याचा अधिकार देऊ नये.