नगराध्यक्षाच्या खुर्चीतून संसदेत

१० जुलै १९९१ रोजी लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेचे अध्यक्ष झाले. त्या वेळी नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात गृहखाते होते नांदेडच्या शंकरराव चव्हाणांकडे. १९९६ पर्यंत हे दोघे आपापल्या जागी टिकून राहिले. दोघे शेजारशेजारच्या जिल्ह्यांतले. दोघेही कायदा शिकलेले, आणि दोघांनीही कारभाराचा पहिला धडा गिरवला तो आपापल्या गावच्या नगरपालिकेत.

विलायतेत ही वाट चांगलीच मळलेली आहे. जोसेफ चेंबरलेन १८७३ मध्ये बर्मिंगहॅमचे महापौर झाले, शहराचा गॅस आणि पाणीपुरवठा त्यांनी खासगी कंपन्यांकडून पालिकेच्या ताब्यात घेतला आणि १८७६ मध्ये ते पार्लमेंटात गेले. क्लेमेंट अॅटली १९१९ मध्ये लंडनमधल्या स्टेप्नीचे महापौर होते, १९२२ मध्ये खासदार झाले. भारताच्या स्वातंत्र्याचा कायदा झाला तो त्यांच्याच पंतप्रधानपदाच्या काळात. आपल्याकडे पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भूषवले होते. पण पुण्याला जे मिळाले ते मराठवाड्याच्या वाट्याला आले नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे निजामाचे राज्य. त्यामुळे शंकररावांच्या पिढीला लोकनियुक्त कारभाराचा वारसा असा नव्हताच. जे शिकायचे ते स्वतःच.

शंकररावांचा जन्म १४ जुलै १९२०चा, पैठणचा. हैदराबाद मुक्तिलढ्यात स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रभावाखाली ते ओढले गेले. १९५६ मध्ये ते नांदेडचे नगराध्यक्ष होते. लगेच द्विभाषिक मुंबई राज्यात महसूल खात्याचे उपमंत्रिपद आले आणि १९६० नंतर पाटबंधारे खाते. या खात्यात त्यांनी जीव ओतला. जायकवाडीची पायाभरणी ऑक्टोबर १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले, तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होते. धरण पैठणला, म्हणजे त्यांच्या जन्मगावीच. नांदेडजवळच्या विष्णुपुरी प्रकल्पाच्या जलाशयाला ‘शंकर सागर’ म्हणतात, ते उगाच नाही. फाइल वाचल्याशिवाय सही नाही आणि वेळेत कसूर नाही, या शिस्तीमुळे मंत्रालयात त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत. १९८० आणि १९८४ मध्ये नांदेडने त्यांना लोकसभेत धाडले.

चाकूरकरांची चढण जास्त पायरीपायरीची आहे आणि म्हणून अभ्यासाला जास्त मोलाची. १९६७ ते ६९ आणि पुन्हा १९७१-७२ असे दोनदा ते लातूरचे नगराध्यक्ष, पहिल्यांदा खुर्चीत बसले तेव्हा तिशीतले. मग आमदार, उपमंत्री, विधानसभेचे उपाध्यक्ष, १९७८ मध्ये अध्यक्ष. १९८० पासून सलग सात वेळा लातूरचे खासदार.

नगरपालिकेची सर्वसाधारण सभा ज्याने पाहिली आहे त्याला ठाऊक आहे, तिथे भाषणापेक्षा विषयपत्रिका मोठी असते. मागच्या सभेचे इतिवृत्त कायम करायचे, विषय पुकारायचा, सूचक-अनुमोदकांची नावे नोंदवायची, गटाराच्या अंदाजपत्रकावर पंधरा जण एकदम उठले की प्रत्येकाला बोलू द्यायचे आणि तरी ठराव मार्गी लावायचा. लोकसभाध्यक्ष म्हणून चाकूरकरांचे सर्वांत टिकाऊ काम याच जातीचे आहे. १९९३ मध्ये खातेनिहाय १७ स्थायी समित्या सुरू झाल्या. प्रत्येकीत ४५ सदस्य, लोकसभेचे ३० आणि राज्यसभेचे १५, मंत्री एकही नाही. खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या सभागृहात गोंगाटात मंजूर होण्याआधी इथे एकेका रकमेची विचारपूस होऊ लागली. ब्रिटनच्या पार्लमेंटाने खातेनिहाय समित्या १९७९ मध्ये नेमल्या होत्या. पुढे २००४ मध्ये आपल्या समित्या २४ झाल्या, आणि आजही अर्थसंकल्पाची खरी उलटतपासणी तिथेच होते.

गृहखात्याने मात्र या दोघांनाही यश दिले नाही. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पडली तेव्हा गृहमंत्री शंकरराव होते; पुढच्याच मार्चमध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले. चाकूरकर २००४ मध्ये रूपाताई पाटील निलंगेकरांकडून हरले, तरी राज्यसभेच्या वाटेने गृहमंत्री झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर चार दिवसांत त्यांना पद सोडावे लागले. त्यापाठोपाठ मुख्यमंत्रिपद गेले विलासराव देशमुखांचे. तेही लातूरचेच, बाभळगावच्या सरपंचपदापासून वर आलेले. त्यांच्या जागी आले अशोकराव चव्हाण, शंकररावांचे चिरंजीव. मुंबईच्या जखमेने लातूरची दोन पदे नेली आणि नांदेडला एक दिले.

एवढी माणसे दिल्लीत पोचूनही एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, कारण मांजरा धरण कोरडे पडले होते. पहिल्या फेरीत ५ लाख लिटर आले. याचा दोष एकट्या कुणाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण नळाला पाणी किती दिवसांनी येते हा प्रश्न ज्या सभागृहात रोज विचारायचा, ते सभागृहच नंतर बंद पडले, ही गोष्ट मनाला लागते. २०२२ मध्ये लातूर आणि नांदेड-वाघाळा या दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि प्रशासक बसले. नगरसेवक नाही, सभा नाही, ठराव मांडायला कुणी नाही. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले तेव्हा कुठे सभागृहे उघडली. चाकूरकर हे मतदान पाहायला नव्हते. १२ डिसेंबर २०२५ रोजी लातूरमध्येच त्यांचे निधन झाले. १९६७ मध्ये त्यांना तिशीत जी संधी मिळाली, ती या मधल्या तीन वर्षांहून अधिक काळात लातूर-नांदेडच्या एकाही तरुणाला मिळू शकली नाही.