पुढे वाकायचं की मागे? झिजलेल्या मणक्यांचे व्यायाम

आजचा विषय कंबर. साठीच्या पुढची आपली माणसं इंदूरला असोत, बडोद्याला की हैदराबादला, एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं : "मणक्यात गॅप आलाय, आता सगळं बंद." एमआरआयचा रिपोर्ट हातात पडला की माणूस स्वतःलाच अंथरुणाची शिक्षा सुनावतो. म्हणून आधी त्या रिपोर्टबद्दल.

दोन मणक्यांमधली गादी वयाबरोबर सुकते, चपटी होते. मागचे छोटे सांधे झिजतात, कडेनं हाड वाढतं. २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कंबर अजिबात दुखत नसलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांचे स्कॅन एकत्र पाहिले होते. विशीच्या वयात ३७ टक्के आणि साठीच्या वयात ८८ टक्के लोकांत गादीची झीज सापडली. दुखत नसताना, बरं का! तुमचं दुखणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. रिपोर्टमध्ये झीज लिहिली आहे एवढ्यानं हालचाल थांबवू नका, इतकंच म्हणतोय.

आता व्यायाम. यात दोन जुनी घराणी आहेत आणि त्यांची तोंडं विरुद्ध दिशांना आहेत. अमेरिकेतले हाडांचे डॉक्टर पॉल विल्यम्स यांनी १९३७ मध्ये पुढे वाकण्याचे व्यायाम मांडले. उताणं झोपून गुडघे छातीशी घ्यायचे. आपलं पवनमुक्तासन जवळपास तेच. दुसरे न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी. १९५६ मध्ये त्यांचा एक रुग्ण डोक्याकडची बाजू वर उचललेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला, आणि थोड्या वेळानं त्याच्या पायातली कळ गेली. त्यातून मॅकेन्झींची पद्धत उभी राहिली. तिच्यात मागे वाकण्याचे व्यायाम जास्त येतात, पण रुग्णाला कुठली दिशा मानवते हे आधी तपासून पाहणं हा तिचा खरा गाभा.

आणि इथंच लोकांचा घोटाळा होतो. शेजाऱ्याला भुजंगासनानं बरं वाटलं म्हणून आपणही करायचं, असं चालत नाही. चालताना किंवा उभं राहिल्यावर पाय जड होतात, भरून येतात, आणि बसल्यावर किंवा मॉलमधल्या ट्रॉलीवर ओणवं झाल्यावर आराम पडतो का? मग बहुधा नसांची वाट अरुंद झाली आहे. मागे वाकलं की ती आणखी आवळते. अशांना पुढे वाकणारे व्यायाम आणि सायकल मानवते. उलट, बसल्यावर, वाकल्यावर कळ वाढते आणि पालथं झोपल्यावर कमी होते, अशांना मॅकेन्झींची वाट जास्त जुळते. व्यायाम करताना पायातली कळ वर सरकून कमरेत गोळा झाली तर लक्षण चांगलं, कंबर थोडी जास्त दुखली तरी. कळ पायात खाली उतरू लागली की तिथंच थांबा.

तिसरी तऱ्हा पोट-पाठीचे स्नायू घट्ट करण्याची. कॅनडाचे प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम प्रसिद्ध आहेत. त्यातला एक सांगतो : हात-गुडघ्यांवर ओणवं व्हायचं, उजवा हात आणि डावा पाय सरळ करून दहा सेकंद धरायचा, मग बाजू बदलायची. फौजेत आम्ही शेकड्यांनी सिट-अप्स मारल्या, पण झिजलेल्या कमरेला मी त्या सांगणार नाही. मणक्यांवर नाहक दाब येतो.

योगाचं म्हणाल तर २०११ मध्ये अमेरिकेत २२८ जणांवर चाचणी झाली. योग आणि साधं स्ट्रेचिंग, दोन्ही नुसतं पुस्तक वाचून स्वतः करण्यापेक्षा सरस ठरले. आपसात मात्र बरोबरीत सुटले. अभिमान बाजूला ठेवून हे ऐकायला हवं. २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यानं जुनाट कंबरदुखीवरच्या २४९ चाचण्या तपासल्या. व्यायाम न करण्यापेक्षा करणं बरं, हे त्यात बऱ्यापैकी स्पष्ट आहे. प्रकाराप्रकारांतला फरक लहान. पिलाटीस आणि मॅकेन्झी किंचित पुढे. माझं मत विचाराल तर दिशा योग्य असेल आणि आठवड्यातले पाच दिवस होत असेल, तर नाव काहीही असो.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पाऊल लुळं पडणं, यांपैकी काही झालं तर व्यायाम नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल. ताप, कारण नसताना घटलेलं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, यातलं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. हाडं ठिसूळ असतील तर पुढे वाकणारे व्यायामही विचारूनच.

शेवटी चालणं. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्यांना फिजिओच्या मदतीनं हळूहळू चालणं वाढवायला लावलं. त्यांचं दुखणं परतायला साधारण २०८ दिवस लागले. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांचं ११२ दिवसांत परतलं. झेपेल तेवढ्या मिनिटांपासून सुरुवात करा, अर्ध्या तासापर्यंत सावकाश न्या. पाय जड होत असतील तर बाकं असलेली बाग निवडा. भरून आलं की बसा, थोडं पुढे झुका, दोन मिनिटांनी उठून पुन्हा चालू लागा.