सनद परत देताना

फर्ममधल्या वकिलाचा दिवस तासांनी मोजत नाहीत, सहा-सहा मिनिटांनी मोजतात. एका तासाचे दहा तुकडे. पक्षकाराचा फोन घेतला, एक तुकडा. करारातलं एखादं कलम पुन्हा वाचलं, दोन तुकडे. संध्याकाळी हे सगळं टाइमशीटमध्ये चढवायचं आणि प्रत्येक तुकड्यापुढे कुणाचं तरी बिल लागायचं. मुंबईच्या फोर्टमधल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये मी नऊ वर्षं हे कोष्टक भरलं. ते काम मला आवडायचं, हे आधी सांगते.

सोडण्याचं बीज पडलं ते घरच्या स्वयंपाकघरात. पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी एका सकाळी लाटणं बाजूला ठेवलं आणि विचारलं, “ताई, भाऊ म्हणतोय, रजिस्टर हापिसात येऊन हक्कसोडीवर सही कर. करू का?”

त्यांचं माहेर पाटण तालुक्यात. जमीन वडिलोपार्जित, वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. मी पोळपाटाशेजारीच बसले आणि सांगितलं: हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, आणि तोही जन्मापासून. वडील त्याआधी वारले असले तरी केवळ तेवढ्यामुळे तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. मात्र आधी जुनी वाटणी झाली आहे का, ते बघा. हक्क सोडायचा की नाही ही तुमची मर्जी. पण एकदा दस्त नोंदवला की तो फिरवणं महाकठीण. बारा मिनिटं लागली. “हे आजवर कुणी सांगितलंच नाही,” त्या म्हणाल्या.

महाराष्ट्रात तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा 1998 पासून मराठी आहे. तरीही त्या बारा मिनिटांसाठी माणसाला ओळखीचा वकील गाठावा लागतो. मराठीत कायदा समजावून सांगणारी एक छोटी ध्वनिफीत-चित्रफीत कंपनी काढायची, असं मी ठरवलं. मग प्रश्न आला सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा.

बाहेर पडणारे बहुतेक वकील इथे गडबडतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात की सनद चालू असलेल्या वकिलाला स्वतः धंदा चालवता येत नाही. भांडवल घालून नुसता भागीदार म्हणून राहता येतं, पण तो धंदा वकिलीला शोभणारा हवा. कंपनीच्या संचालक मंडळावर बसता येतं, व्यवस्थापकीय संचालक होता येत नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी नाही आणि स्वतःची जाहिरात तर नाहीच. पत्रकारिता, प्रसारण, व्याख्यानं, अध्यापन यांना मात्र मोकळीक आहे, या मर्यादा सांभाळून. ही रेघ न्यायालयांनी जपलेली आहे. मुंबईतल्या एका डॉक्टरांना दवाखाना चालू ठेवून वकिलीची सनद हवी होती. डॉ. चुलानींच्या या खटल्यात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. 2024 मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठासमोर उत्तर प्रदेशातल्या एका वकील-पत्रकाराचा प्रश्न निघाला, तेव्हा वकिलाला पूर्णवेळ पत्रकारिता करता येणार नाही, अशीच भूमिका बार कौन्सिलने घेतली.

मलाही आधी हे जाचक वाटलं. लोकमान्य टिळकांनी 1879 मध्ये एलएल.बी. केली, 1881 च्या जानेवारीत सहकाऱ्यांबरोबर ‘केसरी’ सुरू केला, पुढे पुण्यात कायद्याचा वर्ग चालवला आणि लातूरच्या जिनिंग कारखान्यातही भांडवल घातलं. एकाच माणसात वकिली शिक्षण, छापखाना आणि कारखाना! पण टिळक पक्षकारांची वकीलपत्रं घेत बसले नाहीत. संपादक म्हणून लिहिलं त्याची जबाबदारीही स्वतः घेतली. 1882 मध्ये कोल्हापूर संस्थानाबद्दलच्या मजकुरातल्या अब्रुनुकसानीबद्दल ते आणि ‘केसरी’तले सहकारी आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहिले.

मला त्याहून जवळची वाटते अर्देशिर गोदरेज यांची गोष्ट. हा तरुण वकील 1890 च्या दशकात एका खटल्यासाठी झांझिबारला गेला. पक्षकाराच्या बाजूची, पण स्वतःला खात्री नसलेली गोष्ट कोर्टात ठासून सांगायला त्यांनी नकार दिला, आणि वकिलीच सोडली. परत येऊन शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली. त्यावर हिंदुस्थानी मालाचा शिक्का नको, असं गिऱ्हाइकाचं म्हणणं पडलं, तेव्हा तोही धंदा सोडला. मग 1897 मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना निघाला. आपल्या घरातल्या गोदरेजच्या कपाटाचं मूळ कोर्टात न बोललेल्या एका वाक्यात आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

वकील एका बाजूचा असतो, आणि तसंच असायला हवं. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं पोटात ठेवणं हाच त्याचा धर्म. वार्ताहराचं कामच मुळी लपलेलं बाहेर काढण्याचं. उद्या माझ्याच जुन्या पक्षकाराबद्दल बोलायची वेळ आली तर मी कुणाची? दोन्ही डगरींवर पाय ठेवून ऐकणाऱ्याला खरं सांगता येत नाही. म्हणून मी सनद स्थगित केली.

सनद स्थगित करणं म्हणजे वकिलीवर कायमचं पाणी सोडणं नव्हे. राज्य बार कौन्सिलला पोस्टाने कळवायचं, सोबत मूळ सनद जोडायची. पुढे अर्ज करून ती परत घेता येते. पाकिटात घालण्याआधी मी ती दोनदा बाहेर काढून पाहिली. वर्षानुवर्षं आईच्या कपाटातल्या फाइलमध्ये राहून तिच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या.

आता पहिल्या तारखेला पगार येत नाही. कार्यक्रमाच्या प्रत्येक भागात आवर्जून सांगते की ही माहिती आहे, सल्ला नव्हे. तुमच्या प्रकरणासाठी वकील गाठा. पहिला भाग अर्थातच हक्कसोडपत्रावर केला. बाईंनी तो दोन्ही बहिणींना पाठवला. तिघींपैकी कुणीही अजून सही केलेली नाही. यंदा भाऊबीजेला माहेरून बोलावणं आलं नाही. पुढचा भाग त्यावर करायचा आहे, आणि त्यात कुठलं कलम सांगायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.